पाच वर्षं म्हणजे नेमकी किती?

कर्जाची गोष्ट निघाली की आपल्या लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, "हप्ता किती बसेल?" व्याज किती, हा दुसरा. हे सगळं संपणार कधी, हा प्रश्न फार उशिरा येतो आणि कित्येकदा येतच नाही. मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या एका लहान शहरात राहते आणि तिथल्या कर्ज-सल्ला केंद्रात आठवड्यातली एक सकाळ स्वयंसेवक म्हणून बसते. माझं काम साधं. आलेल्या माणसाचे कागद लावून द्यायचे, न उघडलेली पाकिटं त्याच्यासमोर उघडायची, पत्रं समजावून सांगायची आणि मग त्याला परवानाधारक सल्लागारापाशी नेऊन बसवायचं. मराठी किंवा हिंदी बोलणारं कुणी आलं की मला हमखास हाक येते. या सकाळींतून माझं एक मत पक्कं झालं आहे. कर्जफेडीच्या कुठल्याही करारात सगळ्यांत मोलाचा आकडा हप्त्याचा नसतो, मुदतीचा असतो. आणि कागदावर लिहिलेली मुदत व माणसाला प्रत्यक्ष काढावी लागणारी मुदत या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

इंग्लंड-वेल्समध्ये कर्जात बुडालेल्या माणसासाठी कायद्याने काही रस्ते आखून दिले आहेत. त्यांतला सर्वाधिक जाहिरात होणारा म्हणजे आयव्हीए, इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट. घरखर्च भागवून महिन्याला जे उरतं ते ठरावीक काळ भरायचं, व्याज थांबतं, आणि मुदत पुरी झाली की राहिलेलं कर्ज माफ. मध्ये एक परवानाधारक इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर असतो. तोच प्रस्ताव तयार करतो, धनकोंपुढे, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्यापुढे, ठेवतो आणि मंजुरीनंतर शेवटपर्यंत देखरेख करतो. मत देणाऱ्या धनकोंपैकी रकमेच्या हिशोबाने ७५ टक्के हो म्हणाले की प्रस्ताव सगळ्यांवर बंधनकारक, विरोधात गेलेल्यांवरही. मग कुणाला फोन करून छळता येत नाही की कोर्टात खेचता येत नाही. घरावरचं कर्ज मात्र यात येत नाही, ते वेगळं भरत राहायचं.

ही सोय १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टने आली. सर केनेथ कॉर्क यांच्या समितीने १९८२ साली अहवाल दिला होता, त्यातून हा कायदा उभा राहिला. त्याआधी तडजोडीसाठी १९१४ चा एक कायदा होता, पण एखादा धनको अडून बसला की सगळं मुसळ केरात. कॉर्क समितीचा मोठेपणा मला यात दिसतो, की कर्जबुडव्या लबाड आणि परिस्थितीने अडकलेला माणूस यांना एका मापाने मोजू नये हे त्यांनी ठामपणे सांगितलं.

आता मुदत. आयव्हीए पाच वर्षांची असते असं इथे शेंबडं पोरही सांगेल. पण तो पाचाचा आकडा कायद्यात नाहीच! १९८६ चा कायदा मुदतीबद्दल काहीही ठरवून देत नाही. प्रस्तावात जी लिहिली आणि धनकोंनी जी मानली, ती मुदत. पाच वर्षं, म्हणजे ६० हप्ते, ही व्यवहारातून रुळलेली रीत. २००८ मध्ये बँका आणि प्रॅक्टिशनर यांच्यात सामान्य पगारदारांच्या प्रकरणांसाठी आयव्हीए प्रोटोकॉल नावाचा समझोता झाला, त्यातून ती आणखी घट्ट झाली. एकरकमी पैसे देणारा कुणी नातेवाईक मिळाला तर आयव्हीए काही महिन्यांतही आटोपू शकते. आणि कर्जदाराचं स्वतःचं घर असेल, त्यात त्याचा बऱ्यापैकी हिस्सा साठला असेल, तर त्या हिश्श्याच्या बदल्यात बहुतेकदा आणखी बारा हप्ते जोडले जातात. म्हणजे घरवाल्याची पाच वर्षं सहा असतात. स्कॉटलंडचा कायदा निराळा. तिथली प्रोटेक्टेड ट्रस्ट डीड साधारण चार वर्षांची.

एका जोडप्याविषयी सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघं सोलापूर जिल्ह्यातली. तो आयटीत कंत्राटी काम करायचा, स्वतःची लिमिटेड कंपनी काढून, त्या कंपनीचा एकमेव संचालक. इथल्या आपल्या मंडळींत असे शेकड्याने सापडतील. एप्रिल २०२१ मध्ये खाजगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर कंत्राटदारांच्या कराचे नवे नियम आले. कंत्राटदार खरा कंत्राटदार की आडून ठेवलेला नोकरदार हे ठरवण्याची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीवर आली, आणि पुष्कळ कंपन्यांनी अशी कंत्राटंच बंद केली. याचं काम सुटलं, पुढचं मिळालं ते कमी पैशांचं. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. त्यात घराच्या कर्जाचा स्थिर व्याजदर २०२३ मध्ये संपला. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्के होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर गेला होता. घराचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, कार्डाचं बिल भरायला वैयक्तिक कर्ज, आणि त्या कर्जाच्या हप्त्याला दुसरं कार्ड. आमच्याकडे आली तेव्हा घराचं कर्ज सोडून ४२ हजार पौंड देणं होतं, सगळं त्याच्या नावावर.

त्यांनी आदल्या आठवड्यात इंटरनेटवरच्या एका जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या माणसाने वीस मिनिटांत आयव्हीए सुचवली आणि पाच वर्षांत मोकळे व्हाल असं सांगितलं. घर आहे का, हे विचारलं होतं. पण घरामुळे मुदत वाढेल, हे सांगितलं नव्हतं.

आमच्या सल्लागाराने कागदावर रकाने पाडले आणि प्रत्येक रस्त्याची लांबी काढून दाखवली. घरखर्च जाऊन महिन्याला ३१० पौंड उरत होते. कायदेशीर करार न करता नुसतं बँकांशी बोलून हप्ते बांधून घेतले, ज्याला इथे डेट मॅनेजमेंट प्लॅन म्हणतात, तर ४२ हजाराला ३१० ने भागायचं: सव्वाअकरा वर्षांहून जास्त. तेही सगळ्या बँकांनी व्याज थांबवलं तर, आणि तसं बंधन त्यांच्यावर नाही. त्याच्या घरामुळे आयव्हीए सहा वर्षांची, ७२ हप्ते, एकूण २२,३२० पौंड. आणि दिवाळखोरी? १ एप्रिल २००४ पासून इथल्या दिवाळखोराची साधारण बारा महिन्यांत मुक्तता होते. त्याआधी तीन वर्षं लागत. उत्पन्नातून हप्ते भरण्याचा आदेश निघाला तर तोही तीन वर्षांपुरताच. पण दिवाळखोरीत घर विकायची वेळ येऊ शकते, आणि दिवाळखोर माणसाला कोर्टाच्या परवानगीशिवाय कंपनीचा संचालक राहता येत नाही. याच्या पोटापाण्याचा धंदाच तो. म्हणून सहा वर्षांचा रस्ता याच्यासाठी बरोबर होता. बायकोने रकान्यांवरून बोट फिरवत विचारलं, "म्हणजे मुलगी सोळा वर्षांची होईल तेव्हा सुटणार?" मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. मुदत मोजायची ही रीत मला सगळ्यांत खरी वाटते.

माझं माहेर बारामती तालुक्यातलं. सुपे तिथून जवळ. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या खातेवह्या आणि रोखे जाळले, हे आम्ही शाळेत शिकलो. या कामात पडल्यावर मी त्या उठावाविषयी पुन्हा वाचलं, आणि त्याच्या मुळाशी मुदतीचाच एक कायदा आहे हे पाहून चमकले. १८५९ साली सरकारने ठरवलं की कर्जरोखा तीन वर्षंच ग्राह्य धरायचा. हेतू चांगला, शेतकऱ्यावर व्याजाचा डोंगर चढू नये. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले. थकलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून बसे आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू. कागदावर मुदत तीन वर्षांची, शेतात ती तीन पिढ्यांची. दंगलीनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासायचा अधिकार दिला, हप्ते बांधून द्यायची मुभा दिली, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद केलं. कर्जापोटी जमीन कलेक्टरच्या ताब्यात द्यायची वेळ आली तर ती सात वर्षांहून जास्त काळ नाही, आणि कुटुंबाच्या पोटापुरती जमीन वगळून. याहीपेक्षा जुना आपला दामदुपटीचा नियम: एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येणार नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत. कर्जाला कुठेतरी शेवट हवा ही समज आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून होती, एवढं मला अभिमानाने नोंदवायचं आहे.

आजच्या भारतात काय, असं महाराष्ट्रातले वाचक विचारतील. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी परतफेड आराखड्याचा असाच भाग लिहिलेला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तो अमलात आला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी. क्रेडिट कार्डात अडकलेल्या पुण्यातल्या पोराला त्याचा उपयोग नव्हता. त्याच्या वाट्याला बँकेशी तडजोड, वसुलीवाल्यांचे फोन आणि कशालाच शेवटची तारीख नसणं.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो ती. विदर्भातल्या एक बाई इथे वृद्धाश्रमात रात्रपाळीला काम करतात. भाड्याची खोली, गाडी नाही, दागिने म्हणाल तर गळ्यातलं मंगळसूत्र. देणं १४ हजार पौंडांचं. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आयव्हीए घेऊन त्यांना दीड-दोन वर्षं झाली होती. त्यांच्यासारख्या माणसांसाठी इथे २००९ पासून डेट रिलीफ ऑर्डर नावाची सोय आहे. फारशी मालमत्ता नाही, महिन्याकाठी फारसं उरत नाही, आणि कर्ज ठरलेल्या मर्यादेत, अशांना हप्ते न भरता बारा महिन्यांत कर्जमुक्ती. त्यांनी आयव्हीए घेतली तेव्हा ही मर्यादा ३० हजार पौंड होती आणि अर्जाची फी ९० पौंड. एप्रिल २०२४ मध्ये ती फीसुद्धा रद्द झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मर्यादा ५० हजारांवर गेली. म्हणजे एका वर्षात जे सुटलं असतं त्यासाठी त्यांनी पाच वर्षं बांधून घेतली होती. त्यांना तो रस्ता कुणी दाखवलाच नाही. फोनवर भेटलेली कंपनी गिऱ्हाईक आयव्हीएवाल्यांकडे पोचवायचं कमिशन घेत होती. असं कमिशन घेण्यावर वित्तीय नियामकाने २ ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली. पण या बाईंसाठी ती उशिरा आली. पहिल्या काही महिन्यांच्या हप्त्यांतला मोठा भाग फीमध्ये गेला होता, कर्ज जेमतेम हललं होतं.

मी त्यांना विचारलं, तुम्ही दुसरीकडे चौकशी का नाही केली? त्या म्हणाल्या, "ताई, तो म्हणाला हे दिवाळखोरीसारखं नाही, यात इज्जत राहते." हे वाक्य मी आपल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकलं की पोटात तुटतं. कारण ते खरं नाही. आयव्हीए, दिवाळखोरी आणि डेट रिलीफ ऑर्डर, तिन्हींची नोंद एकाच सार्वजनिक वहीत होते. इंडिव्हिज्युअल इन्सॉल्व्हन्सी रजिस्टर म्हणतात त्याला. इंटरनेटवर कुणालाही नाव टाकून पाहता येतं, आणि करार संपल्यावर तीन महिन्यांनी नाव निघतं. म्हणजे आयव्हीएवाल्याचं नाव त्या वहीत एक वर्षाच्या दिवाळखोराच्या कितीतरी पट जास्त काळ राहतं. क्रेडिट फाइलवरचा डाग तिन्हींचा सारखाच, सुरुवातीच्या तारखेपासून सहा वर्षं. पाच वर्षांची आयव्हीए चोख पूर्ण करणाऱ्यालाही पुढे एक वर्ष साधा मोबाइल करारावर घेताना अडचण येऊ शकते. इज्जतीच्या भीतीने लांबचा रस्ता धरायचा, आणि त्या रस्त्यावर नाव जास्त दिवस चारचौघांत राहणार, हे आधी कुणीतरी सांगायला नको का? महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला भेटणारी माणसं रजिस्टर उघडून बसत नाहीत. पण माणसाला भीती असते ती नेमकी त्यांचीच.

सोलापूरच्या जोडप्याच्या प्रस्तावात एक कागद असा आला की त्यावर दोन सकाळी गेल्या. इथला कायदा विचारतो, तुमची मालमत्ता काय, आणि ती जगात कुठेही असो. तो म्हणाला, इथे घर आणि जुनी गाडी, बस. बायको हळूच म्हणाली, "सातबाऱ्यावर नाव आहे ना तुमचं." सासरे गेल्यावर तलाठ्याने वारस नोंद केली होती, आई, तो, त्याचा भाऊ आणि लग्न झालेली बहीण. तीन एकर कोरडवाहू, वाटणी झालेली नाही, विहीर भावाने काढलेली. मोबाइलवर मागवलेला तो उतारा आम्ही टेबलावर मोठा करून पाहिला. खातेदारांच्या रकान्यात चौघांची नावं एकाखाली एक, पीकपाहणीत तूर आणि ज्वारी, इतर अधिकारांत गावच्या विकास सोसायटीचा बोजा. त्याचा हिस्सा एक चतुर्थांश, पण कुठला चतुर्थांश हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही. इंग्रज प्रॅक्टिशनरला हे समजावताना माझी कसोटी लागली. भाषांतर सोपं होतं. अवघड होतं ते हे पटवणं, की कागदावर मालक असलेला माणूस ते रान विकू शकत नाही आणि विकायला गेला तर घर फुटेल.

गावाकडच्या एका मित्राने त्याला सल्ला दिला होता, भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून टाक, विषय संपला. ऐकायला सोपं वाटतं. पण कर्ज डोक्यावर असताना मालमत्ता फुकटात सोडून देणं म्हणजे धनकोंच्या तोंडचा घास काढणं, असंच कायदा बघतो. उद्या दिवाळखोरीची वेळ आली तर मागच्या पाच वर्षांतले असे व्यवहार उकरून काढता येतात. आणि आयव्हीएचा प्रस्ताव मंजूर करून घेण्यासाठी खोटं सांगणं हा तर गुन्हाच आहे. मुदत पुढेच नव्हे, मागेही पसरलेली असते, हे तेव्हा त्या दोघांच्या लक्षात आलं. शेवटी जमीन जशी आहे तशी जाहीर केली, वाटणी न झालेला हिस्सा म्हणून किंमत कमी धरली, आणि अट अशी पडली की कराराच्या काळात ती जमीन विकली गेली तर त्याच्या वाट्याचे पैसे करारात जमा करायचे. भावाचा रात्री फोन आला, इंग्लंडची बँक आपल्या रानात येणार का? नाही येणार, असं मीच त्याला सांगितलं. पण सहा वर्षांत विकायचं मनात असेल तर आधी दादाशी बोला, हेही सांगितलं.

घरखर्चाच्या तक्त्यात किराणा, वीज, कौन्सिल टॅक्स, मुलीचा शाळेचा गणवेश, केस कापणं, सगळ्याला ओळ होती. आईला दर महिन्याला पाठवायच्या पैशांची ओळ कुठे बसवायची यावर बराच वेळ गेला. शेवटी निम्मे मान्य झाले. उरलेले भाऊ भागवतो.

एकदा करार झाला की मुदत आपोआप सरत नाही, ती काढावी लागते. दरवर्षी पगाराच्या पावत्या, बँकेची विवरणं, पी-६० म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला पाठवायचा. पगार वाढला तर वाढीतला ठरलेला हिस्सा भरायचा. वारसा आला, लॉटरी लागली, तर तेही जमा. आजारपणाने किंवा काम सुटल्याने हप्त्यांना खंड मागता येतो, आणि मिळतोही, पण चुकलेले महिने शेवटाला जोडले जातात. शेवटचा हप्ता गेला म्हणजे संपलं असंही नाही. हिशोब तपासून, शेवटचं वाटप होऊन पूर्ततेचं प्रमाणपत्र यायला आणखी महिने जातात. आणि मध्येच हप्ते थकत गेले आणि करार मोडला, तर माफी नाही. भरलेल्यातून फी वजा होऊन उरलेलं तेवढं कर्जात वळतं होतं आणि बँका पुन्हा दारात. पाचव्या वर्षी मोडलेला करार पहिल्या वर्षी मोडलेल्याहून वाईट. म्हणून मी लोकांना सांगते, हप्ता ठरवताना आज झेपतो का हे पाहू नका. सहाव्या वर्षी बॉयलर बिघडेल, मुलीला चष्मा लागेल, भारतात कुणी आजारी पडून तिकीट काढावं लागेल, तेव्हा झेपेल का ते पाहा. तक्त्यातला प्रवासाचा, दुरुस्तीचा, कपड्यांचा खर्च लाजून कमी लिहायचा नाही. आपल्या बायका हमखास तो कमी लिहितात. "आमचं भागतं हो," म्हणतात. वर्षभर भागतं, सहा वर्षं भागत नाही.

सोलापूरच्या जोडप्याच्या त्या ४२ हजारांत पाच हजार नवऱ्याच्या मामाचे होते. घर घेताना कमी पडले म्हणून मामाने निवृत्तीच्या पैशांतून पाठवलेले. त्याला ते यादीत घालायचे नव्हते. "ते कर्ज नाही हो ताई, ते मामाने दिलेत." पण देणं ते देणं. एकाला गुपचूप पूर्ण फेडायचं आणि बाकीच्यांना फी जाऊन उरणारे चाळीस टक्के द्यायचे, हे चालत नाही. मामाही धनकोच, बँकेच्या रांगेत बँकेशेजारी उभा. त्याला मत आहे, पण नात्यातल्या मतांवर एक लगाम असतो. ती धरून ७५ टक्के भरले तरी, नात्याबाहेरच्या धनकोंपैकी रकमेने निम्म्याहून जास्त विरोधात गेले तर प्रस्ताव पडतो.

मामाला फोन केंद्रातूनच लावला, मी समोर बसले होते. त्याने सांगितलं की तुम्हाला एक इंग्रजी पत्र येईल, घाबरू नका. मग सहा वर्षं, रुपयाला चाळीस पैशांच्या आसपास, थोडे थोडे, असं सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मामा म्हणाले, "सही कुठे करायची तेवढं सांग." फॉर्म भरून, स्कॅन करून त्यांच्या नातवाने दोन दिवसांत पाठवला. प्रस्ताव २०२४ च्या सुरुवातीला मंजूर झाला.

कायद्याच्या हिशोबाने हा करार २०३० मध्ये संपेल आणि त्या दिवशी मामाचं राहिलेलं देणंही बँकांच्या देण्याबरोबर पुसलं जाईल. त्यानंतर स्वखुशीने मामाला पैसे द्यायला कुणाची ना नाही, हे त्याने विचारल्यावर सल्लागाराने सांगितलं. त्याने तिथेच हिशोब मांडला: पाच हजारातले साठ टक्के म्हणजे तीन हजार पौंड, महिन्याला तेच ३१० भरत राहिलं तर आणखी दहा महिने. बायको म्हणाली, दहा नाही, वर्ष धरा, मामांना व्याज नको का. तेव्हापासून ती दोघं मुदत विचारली की सात वर्षं सांगतात.